गुडघ्याच्या लवणीतील गाठ

दुकानाचे शटर वाकून उचलणे, शिडीवर चढून माल काढणे, उकिडवे बसून खोकी मोजणे आणि पुणे-नाशिक महामार्गावर चाकणच्या कोंडीत डावा पाय क्लचवर ठेवून तिष्ठणे, हा सारा भार गुडघा वर्षानुवर्षे मुकाट्याने सोसतो. मग साठीच्या आसपास एखाद्या दिवशी गुडघ्यामागील लवणीत लिंबाएवढी फुगवटी हाताला लागते. पाय ताठ केला की ती घट्ट होते, दुमडला की मऊ पडते. घरातील मंडळी धास्तावतात.

अशी गाठ बहुधा द्रवाने भरलेली पिशवी असते. इंग्लंडचे शल्यचिकित्सक विल्यम मॉरंट बेकर यांनी १८७७ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून तिला ‘बेकर्स सिस्ट’ म्हणतात. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. संधिवाताने किंवा गादी फाटल्याने सांधा चिडला की हा द्रव वाढतो आणि मागच्या पिशवीत उतरतो. तेथून तो सहजी परत येत नाही. म्हणजे गाठ मागे दिसते, पण दुखणे सांध्याच्या आत असते. केवळ सुईने पाणी काढले, तर मूळ कारण तसेच राहून गाठ पुन्हा भरू शकते.

डॉक्टरांनी एकदा निदान केल्यावर घरची शुश्रूषा उपयोगी पडते. काही दिवस उकिडवे बसणे, मांडी घालणे व जिने टाळावेत. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा ते वीस मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा लावावा. झोपून पाय उशांवर उंच ठेवावा. क्रेप बँडेज बेताचे बांधावे. बोटे बधिर किंवा निळसर झाल्यास लगेच सोडावे. वेदना ओसरल्यावर गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पाच सेकंद दाबावी व सोडावी, असे दहा वेळा करावे. वजन थोडे उतरले तरी गुडघ्यावरील भार बराच हलका होतो.

एरंडाचे पान किंवा आंबेहळदीचा लेप यांनी बरे वाटले, तरी त्यांनी पिशवीतील द्रव विरघळत नाही. बिब्ब्याचा चटका मात्र कदापि देऊ नये. त्याने कातडी भाजते, जखम चिघळते. घरी सुईने गाठ फोडणे हे तर जंतुसंसर्गाला आमंत्रणच.

धर्माराधनेत खंड पडण्याचे कारण नाही. ४८ मिनिटांची सामायिक खुर्चीवर बसूनही होते, आणि स्थानकात व उपाश्रयात ज्येष्ठांसाठी खुर्च्या आता सर्रास दिसतात. पालीताण्याच्या साडेतीन हजारांवर पायऱ्यांचा बेत मात्र गुडघा शांत होईपर्यंत पुढे ढकलावा. उपवासात रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळी घेऊ नये. जठर व मूत्रपिंड दोन्हींना इजा होऊ शकते. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्यावाचून ती घेऊच नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कधी ही पिशवी आतल्या आत फुटते, द्रव पोटरीत उतरतो आणि पोटरी एकाएकी सुजून दुखू लागते. नेमकी हीच लक्षणे पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाल्यावरही दिसतात. नजरेने किंवा हाताने चाचपून दोहोंतील फरक खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी डॉप्लर सोनोग्राफी करावी लागते. अशा पोटरीला तेल लावून चोळणे धोक्याचे, कारण गुठळी सुटून फुप्फुसात गेल्यास जीव जाऊ शकतो. राजस्थानातील गावी जाताना बसमध्ये रात्रभर बसून राहिल्यानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर पोटरी सुजल्यास ही शंका अधिक धरावी.

म्हणून पोटरी अचानक सुजली, लाल वा गरम झाली, तर त्याच दिवशी पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या इस्पितळात जावे. सोबत धाप किंवा छातीत दुखणे असेल, तर क्षणाचाही विलंब न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गाठीत नाडीसारखे ठोके जाणवल्यास, ताप आल्यास किंवा ती टणक होऊन वाढत राहिल्यासही तपासणी लांबवू नये. सणाचा हंगाम आहे, गल्ल्यावर दुसरे कोणी नाही, अशा सबबी घरातील वडीलधारे हमखास पुढे करतात. त्या वेळी मुला-सुनांनी त्यांचे न ऐकता गाडी काढावी.