एका गुंठ्याचा मिक्सर



या पानावर आम्ही दर खेपेस लागणीचे अंतर, बेणेप्रक्रिया, हुमणीचा बंदोबस्त, खोडव्यातील पाचट अशा विषयांवर लिहीत आलो आहोत. या वेळचा विषय निराळा आहे. दिवाळीनिमित्त ग्राहक भांडारामार्फत मिक्सर, फ्रीज व वॉशिंग मशिन घाऊक आणून सभासदांना हप्त्याने द्यावेत आणि हप्ता ऊसबिलातून कापून घ्यावा, अशी सूचना आली असून गट ऑफिसातून मागणी नोंदवणे चालू आहे. हप्ता उसातून जाणार, म्हणजे विषय शेतकी खात्याच्या बांधावर आलाच, असे समजून आम्ही लिहीत आहोत. आम्ही शेतकी पदविकेचे, विजेचे इंजिनिअर नव्हे. कोठे चुकलो तर आमच्या वर्कशॉपमधील मंडळींनी कान धरावा.

ऑगस्टमध्ये आडसालीच्या नोंदी घेताना एका सभासदाच्या वस्तीवर चहाला थांबलो होतो. वहिनी आतून एक पिशवी घेऊन आल्या. "साहेब, तालुक्याला जाताय तर एवढा मिक्सर कुणाला दाखवता का? दोन वर्षं पण झाली नाहीत बघा." आम्ही सहज विचारले, मग सध्या वाटण कशावर करता? तर म्हणाल्या, "सासूबाईंच्या. वीस वर्षं झाली असतील त्याला. आवाज करतो, पण चालतो की."

आम्ही तो नवा मिक्सर जीपमध्ये टाकला. तालुक्याच्या दुकानदाराने हातात न घेताच सांगितले, "ह्याचा पार्ट येत नाही, नवीनच घ्या. जुना द्या, पाचशे कमी करतो." शेवटी आम्ही तो आपल्या सबमर्सिबलच्या मोटारी भरून देणाऱ्या वायंडिंगवाल्याकडे नेला. तळाला चार स्क्रू असायला हवे होते, तेथे प्लॅस्टिक वितळवून चिकटवलेले. त्याने ते पात्याने कापून काढले. आत तांब्याऐवजी अॅल्युमिनियमच्या तारेची गुंडाळी, तीही जळालेली. अॅल्युमिनियम वीज वाहून नेते, नाही असे नाही. पण तांब्याच्या सुमारे साठ टक्केच. म्हणून तार जाड घ्यावी लागते. जागा वाचवायला ती बारीकच ठेवली तर मोटार तापते. शिवाय तिचा सांधा तांब्यासारखा सहज झाळता येत नाही. "भरून देईन, पण मजुरी धरून नव्याच्या अर्ध्या किमतीला जाईल," असे तो म्हणाला. वहिनींना हे सांगताना आम्हांलाच अवघड वाटले.

आता हिशेब करू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. त्यातून तोडणी-वाहतूक जाते. म्हणजे साडेतीन-चार हजारांच्या मिक्सरला टनाहून जास्तच ऊस लागतो. एकरी चाळीस टनांचे टनेज धरले तर टनाला एक गुंठा पडतो. (ज्यांचे टनेज साठ-सत्तर आहे त्यांनी हिशेब आपल्यापुरता सुधारून घ्यावा. ज्यांचे पंचवीस आहे त्यांनी मिक्सरचे राहू द्या, आधी आम्हांला भेटावे.) आडसालीचा तो गुंठा तुटायला सोळा ते अठरा महिने लागतात. मिक्सर दोन वर्षांत अडगळीत जात असेल, तर तुमच्या रानातला एक गुंठा कायमचा त्या दुकानदाराकडे बटईने गेला आहे असे समजा. फ्रीज आणि वॉशिंग मशिनचे किती गुंठे, ते तुम्हीच मोजा.

यावर काही मंडळी म्हणतात, पूर्वीचा माल तो पूर्वीचा, आता सगळे तकलादूच. आम्हांला हे तेवढे सरळ वाटत नाही. पूर्वी असली वस्तू घेणे म्हणजे नोकरदाराचे कित्येक महिन्यांचे पगार जात, आणि ती गावात एखाद-दुसऱ्याच घरी असे. आज ती वस्तीवरच्या घरातही आहे, बाईमाणसाचा पाट्यावरचा जीव वाचला आहे; हे कमी नाही. आमची तक्रार वस्तू बिघडते ही नव्हेच. बिघडणार तर सगळेच. आपल्या कारखान्याच्या गाळप विभागातील रोलर दर हंगामात झिजतात. म्हणून तर बिगर हंगामात ते उतरवतात, दाते करून घेतात, फारच झिजले तर वरचे कवच बदलतात आणि जुन्याच शाफ्टवर पुन्हा चढवतात. वार्षिक सभेत "मशिनरी दुरुस्ती व देखभाल" या आकड्यावर तुम्ही प्रश्न विचारता, आणि तो तुमचा हक्कच आहे. परंतु रोलर झिजला म्हणून कोणी नवी मिल आणली असती, तर सभा कशी झाली असती?

आमची तक्रार आहे ती उघडता न येणाऱ्या वस्तूबद्दल. काही वॉशिंग मशिनमध्ये बाहेरचा टब दोन अर्धुके कायमची जोडून बनवलेला असतो. आतले बेअरिंग काही शे रुपयांचे. पण ते गेले की टब फोडल्याशिवाय हात पोचत नाही, म्हणून आख्खा टब बदला असे सांगतात, आणि टबची किंमत ऐकून मालक नवीन मशिनच घेतो. एलईडी बल्बचे तसेच. खोक्यावर पंचवीस हजार तास लिहिलेले असते. प्रकाश देणारे दाणे तेवढे टिकतही असतील, पण बुडाशी जो सर्किटचा भाग असतो त्यातला छोटा कपॅसिटर उष्णतेने आधी जातो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. बंद काचेच्या हंडीत बल्ब लावलात तर तो लवकर का जातो, ते यावरून कळेल.

येथे एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९६० च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाचे इंजिनिअर होते. त्यांच्या घरचा परदेशी बनावटीचा मिक्सर आपल्याकडचे वाटण करताना बंद पडला आणि त्याची दुरुस्ती इथे होईना. तेव्हा त्यांनी आपल्या डाळी-मसाल्याला पुरेल अशा जोरकस मोटारीचा मिक्सर स्वतःच बनवला. तोच पुढे "सुमीत" या नावाने घरोघर गेला. दुरुस्ती होत नाही या एका अडचणीतून आपला देशी मिक्सर जन्मला, आणि आज आपण पुन्हा त्याच अडचणीशी येऊन थांबलो आहोत.

इतर देशांत यावर कायदे झाले आहेत. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर, ती दुरुस्तीला किती सोपी याचे दहापैकी गुण छापावे लागू लागले. युरोपीय संघाच्या २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत वॉशिंग मशिनचे ठरावीक सुटे भाग दहा वर्षे व फ्रीजचे सात वर्षे मिळाले पाहिजेत असे आहे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्यापुढे घरगुती उपकरणांबरोबर शेतीची अवजारेही होती. डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी पोर्टलही सुरू झाले. तथापि पोर्टलवर सुटा भाग उगवत नाही. तो दुकानात यायला लागतो.

आता थोडे आपल्याही पदरात घालून घेऊ, नाहीतर वहिनींची बाजू ऐकून साहेब एकतर्फी लिहितात असे व्हायचे. रात्री मोटारी बंद झाल्या की वस्तीवर व्होल्टेज किती चढते हे तुम्ही जाणता. न्यूट्रल ढिली, अर्थिंगचा पत्ता नाही, आणि वीस-पंचवीस हजारांचा फ्रीज थेट खटक्यावर. जुन्या यंत्रात नुसती तार आणि लोखंड होते, ते बरेच सोसत असे. नव्यात इलेक्ट्रॉनिक बोर्ड आहे, तो सोसत नाही. पंपाला स्टार्टर लावतो तेवढी काळजी घरात का नको? तसेच मिक्सर सलग किती मिनिटे चालवावा आणि मध्ये किती थांबवावा हे त्याच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत दिलेले असते. वर्षाची चटणी घरच्या मिक्सरवर करू नये, ती डंकावरच न्यावी. आमच्या घरी हा प्रयोग झालेला आहे. तपशील विचारू नये.

पंपाच्या बाबतीत आपण चुकत नाही. मोटार घेताना पहिला प्रश्न असतो, "भरून कोण देतं?" बेणे घेताना लागणीचा फुटवा बघतो तसा खोडवा कसा येतो हेही विचारतो. को ८६०३२ ला आपल्या सभासदांनी एवढी वर्षे सोडले नाही, त्यात त्याच्या खोडव्याचा वाटा मोठा आहे. मग घरातल्या वस्तूला मात्र रंग आणि सवलत बघून पसंती का द्यावी?

म्हणून संचालक मंडळास व भांडार समितीस आमची विनंती आहे की, घाऊक खरेदीचा सौदा करताना भाव पाडण्याबरोबर तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. मोटारीची गुंडाळी तांब्याची आहे काय. कपलर, कार्बन, जारचा बुश, बेअरिंग व बोर्ड किमान सात वर्षे तालुक्याच्या ठिकाणी मिळतील काय. आणि वस्तू साध्या पेचकसाने उघडते काय. नमुन्याची एक एक वस्तू आपल्या वर्कशॉपच्या फिटरकडून समितीसमोर उघडून घ्यावी. जो पुरवठादार याला तयार होणार नाही त्याचा माल कितीही स्वस्त असला तरी उसातून हप्ता कापून देऊ नये. यात चार पैसे जास्त पडतील, सभासदांची कुरकुरही होईल. आमचे मत तरी असेच आहे, आणि ते आम्ही अधिकाराबाहेर जाऊन मांडले असेल तर माफी असावी.

ज्यांनी आधीच बाहेरून वस्तू घेतली आहे त्यांनी पावती व वॉरंटी कार्ड ऊसबिलाच्या पावत्यांच्या फायलीतच लावून ठेवावे. वॉरंटीत दुकानदार टोलवाटोलवी करू लागला तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तेथे भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे.

मागणीचे फॉर्म सर्व गट ऑफिसात आहेत. त्यात खाली "शेरा" म्हणून एक रकाना आहे, तो बहुतेकजण कोरा सोडतात. घरात पडून असलेल्या बंद वस्तूचे नाव, ती किती वर्षे चालली आणि कोणता भाग मिळाला नाही, एवढे त्यात लिहून द्यावे. फॉर्म भरताना घरच्या बाईमाणसांना जवळ बसवावे, कारण ही माहिती त्यांच्याकडे असते. आलेले शेरे एकत्र करून आम्ही भांडार समितीपुढे ठेवणार आहोत. वहिनींचा मिक्सर वायंडिंगवाल्याकडेच आहे, तोही त्या बैठकीला घेऊन जाऊ.