कुस्तुंतुनिया १४५३ साली वसले नाही

२०२० च्या जुलैत शाळा बंद होत्या आणि आम्ही उर्दू शाळांतले मास्तर मोबाइलवरून शिकवत होतो. आमच्या मालवणच्या किनारपट्टीवर त्या दिवसांत शिकवणे म्हणजे निम्मा वेळ रेंज शोधणे. २४ तारखेला, शुक्रवारी, इस्तंबूलच्या अयासोफियात ८६ वर्षांनी जुम्याची नमाज झाली. पालकांच्या ग्रुपवर मुबारकबादीचा पाऊस पडला. सातवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, ये मस्जिद किसने बनाई?" आम्ही काही लिहिण्याआधीच एका पालकाचे उत्तर आले, "सुलतान मुहम्मद फातेहने." खाली अंगठेच अंगठे. बारा दिवसांनी, ५ ऑगस्टला, अयोध्येत राममंदिराचे भूमिपूजन झाले. त्याच ग्रुपवर बाबरी मशिदीचे चित्र आले, काळ्या चौकटीत.

आमचे भांडण त्या पालकाशी नाही. त्याला इतिहास शिकवला कोणी? आमच्यासारख्यांनीच. जमिनीवरून ओढून नेलेली जहाजे, अजस्र तोफ, एकवीस वर्षांचा सुलतान, हे सारे आम्ही वर्गात रंगवून सांगतो. त्याआधी ते शहर अकराशे वर्षे एका साम्राज्याची राजधानी होते, याबद्दल अवाक्षर नाही. जणू ३३० साली कॉन्स्टंटाइनने नव्हे, १४५३ साली फातेहने ते वसवले!

अयासोफिया सम्राट जस्टिनियनने ५३२ ते ५३७ या काळात बांधवले. अँथेमियस आणि इसिडोर हे दोघे त्याचे रचनाकार, दोघेही भूमितीचे पंडित. नावाचा अर्थ पवित्र प्रज्ञा. आपण हिकमत म्हणू. सुमारे ३१ मीटर रुंद घुमटाच्या पायाशी ४० खिडक्या आहेत, त्यामुळे तो उजेडावर तरंगतो आहे असे वाटते. ५५८ साली तो कोसळला, तेव्हा अधिक उंच करून पुन्हा उभारला. पुढे सिनानने सुलेमानिया मशीद बांधली ती याच इमारतीशी स्पर्धा मनात धरून. आज कोकणात गावोगावी जुन्या कौलारू मशिदी पाडून स्लॅबवर 'तुर्की' घुमट चढवले जातात. त्या घुमटाचा आजा एक गिरजाघर होते, हे वर्गणी मागायला येणाऱ्यांना सांगून पाहा!

कुणी म्हणेल, नसाऱ्यांच्या कलेशी आपला काय संबंध? त्यांनी कुरआन उघडावा. तिसावी सूरा 'अर-रूम' या नावाची आहे. इराण्यांनी रूमी फौजांचा पराभव केला, ६१४ साली जेरुसलेम घेतले. मक्केतले मूर्तिपूजक खूश झाले आणि मूठभर मुसलमान दुःखी. रूमी थोड्याच वर्षांत पुन्हा जिंकतील, असा दिलासा त्या सूरेत आहे. पहिल्या पिढीचे मुसलमान ज्या शहरासाठी हळहळले, त्या शहराची हार तेवढी आम्ही मुलांना शिकवतो. जेरुसलेमच्या कुब्बतुस्सखरावरचे सोनेरी काचतुकड्यांचे काम रूमी वळणाचे आहे. दहाव्या शतकात कुर्तुब्याच्या मशिदीच्या मेहराबीसाठी कारागीर आणि काचतुकडे कुस्तुंतुनियाच्या सम्राटानेच धाडले. मौलाना जलालुद्दीन 'रूमी' ठरले तेही त्या मुलखात राहिले म्हणून. अत्ताराकडे मिळणारी रूमी मस्तकी त्याच मुलखातल्या किऑस बेटावरची. जुन्या मराठीतला 'रूमशाम' हा शब्द तरी दुसरा कुठला?

चित्रांबद्दलही आमचे अज्ञान तेवढेच. सजीवांची चित्रे देवघरात असावीत की नसावीत, या वादाने आठव्या-नवव्या शतकांत खुद्द ख्रिस्ती कुस्तुंतुनिया फाटले होते. ८४३ साली चित्रवाले जिंकले. १२०४ साली शहर लुटले ते क्रूसधारी ख्रिस्त्यांनीच. उस्मानी काळात अयासोफियातली बरीच चित्रे चुन्याखाली गेली, पण सरसकट खरवडली गेली नाहीत. १८४७ ते १८४९ मध्ये सुलतान अब्दुल मजीद यांच्या दुरुस्तीत ती उघडली, त्यांची नोंद केली आणि पुन्हा झाकली. हे करणारा सुलतान खलिफाही होता. आमच्या ग्रुपवरच्या गाझींपेक्षा त्याला त्या भिंतींची कदर अधिक होती.

आता मुद्द्याचे. २०२० च्या जुलैत तुर्की न्यायालयाने १९३४ चा संग्रहालयाचा निर्णय रद्द केला तो फातेहच्या वक्फाचा आधार घेऊन. त्यावर आमचे मित्र म्हणतात, तिथे कायदा पाळला, इथे मशीद पाडली. फरक आहेच. ६ डिसेंबर १९९२ ला जे झाले त्याला सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या निकालात बेकायदा म्हटले. अयासोफियाची एक वीटही कुणी हलवली नाही. पण जिंकणाऱ्याच्या हाती गेलेल्या प्रार्थनास्थळावर हरलेल्याचा काहीच हक्क उरत नाही, हे तत्त्व इस्तंबूलला मान्य करायचे आणि अयोध्येत त्याच तत्त्वाविरुद्ध रडायचे, हे कोणत्या तोंडाने? आमची मशीद गेली ते दुःख खरे होते. म्हणूनच दुसऱ्याचे जाणे आम्हाला आधी कळायला हवे होते. ज्यांना आमच्या प्रत्येक दुःखात तुर्कस्तान दिसते, त्यांना तर आम्ही हे आयते कोलीतच दिले.

आणि उसना अभिमान आणायला एवढ्या लांब जायचे तरी कशाला? पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक नौकानयनाच्या ग्रंथात कल्याणच्या दक्षिणेकडील बंदरांची यादी आहे. तीत एक नाव आहे बायझँटिऑन. कुस्तुंतुनियाचे जुने नाव नेमके हेच. ग्रीक खलाशांनी इथले कुठलेसे नाव आपल्या ओळखीच्या नावात बसवले असावे. ते बंदर म्हणजे आपले विजयदुर्ग, असे काही अभ्यासक मानतात. दर्यावर्द्यांची आमची पोरे त्या खाडीतून होडीने जातात आणि त्यांना हे नाव ठाऊक नाही, कारण आम्हालाच परवापरवापर्यंत ठाऊक नव्हते.

येत्या सहलीला मुलांना विजयदुर्गच्या धक्क्यावर नेऊन आधी ते नाव सांगायचे आणि मग अयासोफियाची गोष्ट, जस्टिनियनपासून, असे आम्ही ठरवले आहे. तो सातवीतला मुलगा मात्र आता शाळा सोडून गेला. त्याच्या प्रश्नाखाली अजून त्या पालकाचेच उत्तर आहे.