रिपोर्ट ‘क्लीन’, विषाणू मात्र घरातच

गेल्या महिन्यात ओपीडीत नालासोपाऱ्याचा एक रिक्षाचालक आला. हिपॅटायटिस ‘बी’साठी दीड वर्ष तो टेनोफोव्हिरची गोळी घेत होता. जुना रिपोर्ट माझ्यापुढे सरकवत म्हणाला, ‘‘डॉक्टरसाहेब, विषाणू सापडत नाही असं लिहिलंय. म्हणून गोळी बंद केली. बरोबर ना?’’ गोळी बंद करून चार महिने झाले होते, डोळे हळदीसारखे पिवळे होते आणि एसजीपीटी हजाराच्या वर गेले होते. त्याला दाखल करून गोळी पुन्हा सुरू केली, तो सावरला. यकृत आधीच आकसलेले असते, म्हणजे सिरोसिस असता, तर कदाचित सावरला नसता.

चूक त्याची म्हणवत नाही. ‘नॉट डिटेक्टेड’ असे छापलेला कागद आपण रुग्णाच्या हातात देतो आणि पुढच्याला आत बोलावतो. त्या दोन शब्दांचा अर्थ ‘रक्तात सापडला नाही’ एवढाच असतो. यकृतात काय चालले आहे, ते त्यात लिहिलेले नसते.

हिपॅटायटिस ‘बी’चा विषाणू फार दरिद्री आहे. आपल्या जनुकीय मजकुराची लांबी सुमारे तीन अब्ज अक्षरे, तर त्याची जेमतेम ३,२०० आणि जनुके चार. एवढ्या शिदोरीवर कोणाचाही संसार चालणार नाही. म्हणून तो लागेल ते सगळे आपल्या यकृताच्या पेशीकडून घेतो, अगदी दारापासून. यकृताच्या पेशीवर ‘एनटीसीपी’ नावाचे एक प्रथिन असते. आतड्यातून रक्तात परत आलेले पित्तक्षार पेशीच्या आत ओढून घेणे हे त्याचे काम. विषाणूच्या आवरणाचा एक तुकडा नेमका या प्रथिनाला चिकटतो आणि विषाणू आत शिरतो. बारुक ब्लुमबर्ग यांना या विषाणूची पहिली खूण १९६५च्या सुमारास सापडली, पण हे दार ओळखायला २०१२ साल उजाडले. ते काम बीजिंगच्या वेनहुई ली यांच्या गटाचे.

खरी गोष्ट पुढे आहे. विषाणूचा डीएनए अर्धवट विणलेला असतो. तो केंद्रकात पोहोचला की आपलीच दुरुस्तीची विकरे, म्हणजे एन्झाइम्स, त्याची तुटलेली टोके जुळवून त्याचे पक्के वर्तुळ करतात. आपला डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्याच हिस्टोनांभोवती हे वर्तुळही बसते. आपली जनुके वाचणारे विकर तेही निमूटपणे वाचते. पेशीत पहारेकरी नाहीत असे नाही. ‘एसएमसी ५/६’ नावाचा प्रथिनांचा एक गट अशा उपऱ्या डीएनएचे तोंड बंद करतो. पण विषाणूचे ‘एक्स’ प्रथिन आपल्याच दुसऱ्या एका प्रथिनाला हाताशी धरते आणि या पहारेकऱ्याला पेशीच्या भंगारात पाठवते. हे २०१६ मध्ये कळले. आपल्याच माणसाकरवी आपला रखवालदार काढून टाकायचा, असा हा कारभार आहे.

आता टेनोफोव्हिर काय करते ते पाहा. विषाणूकडे स्वतःचे म्हणावे असे एकच विकर आहे, आरएनएवरून डीएनएची नक्कल करणारे. गोळी तेवढे अडवते. नव्या नकला थांबतात, रक्त स्वच्छ दिसते, यकृताची सूज उतरते. केंद्रकातले ते वर्तुळ मात्र जागच्या जागी राहते, कारण त्याला सांभाळणारी यंत्रणा आपली आहे. ती थांबवली तर पेशीच मरेल. गोळी सुटली की वर्तुळावरून पुन्हा कामकाज सुरू होते.

हिपॅटायटिस ‘सी’मध्ये आपले नशीब चांगले. तोही आत शिरताना आपल्या पेशीवरची ‘सीडी ८१’सारखी प्रथिने वापरतो, पण केंद्रकात पाऊल टाकत नाही. त्याचा आरएनए बाहेरच राहतो आणि नकला करणारे विकर त्याचे स्वतःचे असते. ते सोफॉस्बुव्हिरने आणि त्याच्या जोडीच्या औषधाने बंद पाडले की मागे काही उरत नाही. बहुतेकांना बारा आठवडे पुरतात. म्हणून शेजारच्या ‘सी’वाल्याची गोळी बंद झाली तर आपलीही होईल, हा हिशेब ‘बी’वाल्याने करू नये. दोन्हींची औषधे राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात २०१८ पासून मोफत मिळतात. ‘बी’ची गोळी कधी थांबवता येईल, हे तपासण्या पाहून डॉक्टरांनी ठरवायचे असते.

वसई-विरारमध्ये पावसाळ्यात कावीळ म्हटले की टँकरचे पाणी, फुटलेली पाइपलाइन आणि मंतरलेली माळ आठवते. ती कावीळ बहुतेकदा ‘ए’ किंवा ‘ई’ची. कोल्हापुरात १९८१ साली पाण्यातून मोठी साथ आली होती, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तिचा अभ्यास केला. हे दोन विषाणूही उसनवार करणारेच. पेशीतून बाहेर पडताना आपल्याच पडद्याची शाल पांघरतात आणि रक्तात लपून फिरतात. पित्तात उतरल्यावर पित्तक्षार ती शाल विरघळवतात आणि उघडा, चिवट विषाणू विष्ठेतून पाण्यात जातो. पण ते मुक्काम करत नाहीत. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात आणि श्रेय माळेला मिळते. गर्भवतीला ‘ई’ झाला तर मात्र माळेच्या नादात एक दिवसही घालवू नये, तो जीव घेऊ शकतो.

‘बी’ बहुधा पिवळेपणा न दाखवताच राहतो. विषाणू स्वतः पेशी मारत नाही. तिच्यावर हल्ला करते ती आपली प्रतिकारशक्ती, आणि तीही वर्षानुवर्षे, हळूहळू. माझ्याकडच्या अनेकांना रक्तदानात किंवा आखातातल्या नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत पहिल्यांदा कळते. व्हिसा तर जातोच, घरी आल्यावर ताटवाटीही वेगळी होते. ती वेगळी करायचे काहीच कारण नाही. हा विषाणू रक्तातून, असुरक्षित संबंधांतून आणि आईकडून बाळाला जातो, एका ताटात जेवल्याने नाही.

आईकडून बाळाला, इथे मला थोडे रागाने लिहायचे आहे. मोठेपणी लागण झालेल्या शंभरातल्या पाचांकडेही तो कायमचा राहत नाही. जन्मताना लागण झालेल्या शंभरातल्या सुमारे नव्वदांकडे राहतो. केंद्रकात ते वर्तुळ एकदा बसले की काढायचे औषध आज नाही, त्यामुळे ते बसूच न देणे एवढेच हातात आहे. त्यासाठी लस जन्मानंतर २४ तासांत हवी. आई पॉझिटिव्ह असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही. पण रविवारी जन्मलेल्या बाळाला लस सोमवारी किंवा थेट दीड महिन्याच्या डोसाबरोबर मिळाल्याचे मी अनेक कार्डांवर पाहिले आहे. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते: एका बाळासाठी दहा डोसांची बाटली कशी फोडायची? सरकारी नियमानुसार या लसीची उघडलेली बाटली, नीट थंड ठेवली तर, २८ दिवस वापरता येते. प्रसूतिगृहाच्या फ्रिजवर एवढे एक वाक्य मराठीत चिकटवून ठेवा.

त्या रिक्षाचालकाची बायको सातव्या महिन्यात आहे. तिची तपासणी अजून झालेली नव्हती. पुढच्या मंगळवारी दोघांना बोलावले आहे.