घोड्याची उंची आणि आपली हौस

लग्नसराई आली की आमच्या कोपरीत वरातीचे घोडे दिसू लागतात. उंची विचारली तर घोडेवाला बेधडक सांगतो, "साडेपाच फूट, साहेब!" एवढा घोडा तर महालक्ष्मीच्या शर्यतीतही उंचच म्हणायचा.

खरे तर घोड्याची उंची मोजतात ती सपाट जमिनीपासून, मानेच्या बुडाशी खांद्यावर जो उंचवटा असतो तिथपर्यंत. विकणारा मात्र ताठ मानेच्या घोड्याच्या कानांपर्यंत हात नेतो. त्यात इंग्रजी मापाचा घोळ. त्यांचा 'हात' चारच इंचांचा, म्हणजे आपली मूठ म्हणा ना! 'पंधरा पॉइंट दोन' म्हणजे पंधरा हात दोन इंच, एकूण ६२ इंच. माझी हयात बँकेत गेली. तारण ठेवलेले सोने तराजूत घातल्यावाचून तिथे कर्ज मिळत नसे. लाखालाखाचा घोडा मात्र लोक नुसत्या बोलीवर घेतात!

घेणारा फसतो हे तर खरेच, पण मला चिंता वेगळी आहे. भीमथडीचे तट्टू मुळातच बुटके. भीमेच्या खोऱ्यातले, काटक, डोंगरवाटांना सरावलेले. मराठी घोडदळात त्याचे नाव झाले ते उंचीमुळे नव्हे. इंग्रजांना मात्र आपले घोडे खुजे वाटले. फौजेसाठी त्यांनी ऑस्ट्रेलियातून जहाजे भरभरून 'वेलर' घोडे आणले. देशी तट्टू मागे पडले. (आपल्या चित्रकारांनीही महाराजांना विलायती उंचीच्या घोड्यावर बसवले, ते असो.)

२०२३ साली राज्यगीत झालेल्या राजा बढे यांच्या गीतात या तट्टांचा अभिमानाने उल्लेख आहे. कर्नालच्या केंद्रीय संस्थेने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंदही केली आहे. आता गिऱ्हाईक "किती इंची?" एवढेच विचारू लागले, तर पाळणारा तरी काय करील? उंच मारवाडी घोडा लावून शिंगरू वाढवील. चार पिढ्यांत नाव भीमथडीचे उरेल आणि तट्टू गेलेले असेल.

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. तिथे एक सपाट ओटा बांधावा, मोजपट्टी ठेवावी आणि विक्रीच्या पावतीवर जातीबरोबर खांद्यापर्यंतची उंची लिहावी. खर्च तो कितीसा येणार?