बाळबोध लेखकाची कैफियत

दोन वर्षांपूर्वी एका साहित्यमेळाव्यात माझ्या कादंबरीवर भाषण झाले. वक्ते विद्वान होते, आणि विद्वान माणसे शब्दांची उधळपट्टी करीत नाहीत. माझ्या तीनशे पानांचा निकाल त्यांनी एका शब्दात लावला. ‘बाळबोध’ हा तो शब्द. सभा हसली. मीही हसलो; न हसून सांगतो कोणाला?

पुढे चहाच्या वेळी त्यांनी मला बाजूला घेतले आणि हिताच्या दोन गोष्टी सांगितल्या. “मास्तर, तुमच्या हातात कसब आहे. पण वर्गातल्या पोरांबरोबर पोरांचीच पुस्तके वाचता, आणि संध्याकाळी दोन-दोन तास नदीकाठाने भटकता, असे ऐकतो. मग लिहिणार कधी? वेळ मोजका असतो. तो टेबलापाशी घालवा. जरा जड वाचा.”

मी पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. विद्वानाचा शब्द खाली पडू देऊ नये, असे आमच्यावर संस्कार. कळवणला परतलो आणि उपदेश तंतोतंत अमलात आणला. शनिवारच्या शेवटच्या तासाला शाळेच्या कपाटातून गोष्टीचे पुस्तक काढून वर्गात मोठ्याने वाचायचा माझा परिपाठ होता. तो बंद केला. बेहडीच्या काठाने फिरायला जाणे सोडले. एक वर्षभर मी टेबलापाशी बसून जड वाचले आणि जड लिहिले.

त्या वर्षात एक प्रकरण मला फार साधले असे वाटत होते. आमच्या तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका पाड्यावरचे ते प्रसंगचित्र होते. भाद्रपदातली ओली पहाट, झडीने चिंब झालेले रान, आणि नायिका झाडाखाली वाकून मोहाची फुले वेचते आहे. पंचवीस पाने त्या फुलांवर उभी होती. एके दिवशी वर्गात एक तास मोकळा मिळाला, म्हणून मी ते प्रकरण पोरांना वाचून दाखवले. तिसऱ्या पानावर मागच्या बाकांवर जांभया सुरू झाल्या. पाचव्या पानावर पाड्यावरून येणारी एक मुलगी हसली. मी दरडावून विचारले, तेव्हा ती उभी राहून म्हणाली, “गुरुजी, भादव्यात मोह कुठला? मोह तर होळीला फुलतो.”

वाचकहो, ती मुलगी दहा वर्षांची होती आणि तिचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. मोहाची पाने झडतात आणि मग फाल्गुन-चैत्रात, कोरड्या उन्हाच्या तोंडावर, पहाटे फुलांचा सडा पडतो. हे मला ठाऊक नव्हते काय? चांगले ठाऊक होते! जन्म इथे गेला. परंतु वर्षभर रानात पाऊल टाकले नाही, आणि ठाऊक असलेले डोक्यातून निसटले; टेबलावर बारा महिने एकच ऋतू असतो. ती पंचवीस पाने मी फाडली. त्या संध्याकाळी वहाणा घालून नदीवर गेलो, आणि येत्या शनिवारी कपाटाची किल्ली पुन्हा खिशात घातली.

तेव्हा मेळाव्यात सुचले नाही ते उत्तर आज देतो. लेखकाने लेखन एका पारड्यात आणि फिरणे व मुलांची पुस्तके दुसऱ्या पारड्यात घालून तोल सांभाळावा, असे सौम्य बोलणारेही पुष्कळ भेटतात. मला तेही मान्य नाही. जात्याची तळी आणि जात्याची पाळू यांचा कोणी तोल सांभाळतो काय? दोन्ही असतील तरच पीठ पडते. पायपिटीने लेखकाचा मजकूर खरा राहतो आणि मुलांच्या पुस्तकाने त्याचे वाक्य खरे राहते. माझे सगळे म्हणणे एवढेच आहे.

प्रथम वाक्याचे पाहू. मोठा वाचक भिडस्त असतो. लेखकाचे नाव, पारितोषिक, प्रस्तावना यांच्या दडपणाखाली तो कंटाळवाणे पुस्तकही शेवटापर्यंत ओढत नेतो, आणि वर ‘विचारप्रवर्तक’ म्हणून मोकळा होतो. मूल असली भीड बाळगत नाही. कंटाळा आला की ते सरळ खिडकीबाहेर पाहते. त्याला सांगताना कोण, कुठे, मग काय झाले, हे सांगावेच लागते. शब्दांचा धूर काढून भागत नाही. ज्याने वर्षभर दर शनिवारी चाळीस पोरांसमोर गोष्ट वाचली, त्याला आपले कोणते वाक्य पोकळ आहे हे सांगायला समीक्षक लागत नाही.

‘बाळबोध’ ही शिवी कधीपासून झाली, हेही मला कोणी समजावून द्यावे. ज्या लिपीत आमचे टीकाकार टीका लिहितात, तिचेच नाव बाळबोध! विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ साली मुलांसाठी मासिक काढले, त्याचे नाव ‘बालबोध’. आणि तीसहून अधिक वर्षे त्यांनी ते निष्ठेने चालवले. वासुदेव गोविंद आपट्यांनी १९०६ साली ‘आनंद’ काढले. हेच आपटे ‘शब्दरत्नाकर’ या कोशाचे कर्ते. कोश रचणाऱ्या माणसाला मुलांसाठी लिहिणे कमीपणाचे वाटले नाही. कोश उघडून अवघड शब्द शोधणाऱ्यांना मात्र वाटते!

विंदा करंदीकरांचे उदाहरण घ्या. ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र त्यांनी मराठीत आणले, ज्ञानदेवांच्या ‘अमृतानुभवा’चे अर्वाचीनीकरण केले, आणि त्याच हाताने ‘राणीची बाग’ लिहून मुलांना हसवले. २००३ सालचे ज्ञानपीठ त्यांना मिळाले, तेव्हा ‘राणीची बाग’ लिहिली म्हणून काही गुण कापल्याचे ऐकिवात नाही. रशियातल्या टॉलस्टॉयची गोष्ट तर आम्हा मास्तरांनी पाठच करावी. ‘युद्ध आणि शांतता’ १८६९ साली पुरी झाली. जगाने डोक्यावर घ्यावे असे यश! आणि मग हा गृहस्थ काय करीत बसला? खेड्यातल्या शेतकऱ्यांच्या पोरांसाठी अंकलिपी आणि छोट्या छोट्या गोष्टींचे वाचनपुस्तक. ते १८७२ साली निघाले. मन भरले नाही म्हणून पुन्हा नव्याने लिहिले. ‘ॲना कॅरेनिना’ ही त्याच वर्षांतली. पुढे १८८६ साली, सत्तावन्नाव्या वर्षी, तो मॉस्कोहून आपल्या गावापर्यंत, दोनशेंवर किलोमीटर, पायी गेला. आमच्या वक्त्यांनी त्यालाही टेबलापाशी बसवले असते!

आता पायपिटीचे. गो. नी. दांडेकरांनी नर्मदेची परिक्रमा केली, सह्याद्रीचे किल्ले पायांखाली घातले, म्हणून राजमाचीचा ‘माचीवरला बुधा’ लिहिला गेला. दुसऱ्या कोणाला नकाशा समोर ठेवून तो लिहिता आला असता काय? कोणी म्हणेल, आम्ही शहरवासी, आम्हांला डोंगर कुठला? दुर्गाबाई भागवत मुंबईतच राहत, आणि १९५६ साली ‘ऋतुचक्र’ मराठीला त्यांनीच दिले. झाड रस्त्याच्या कडेलाही असते. मान वर करायची तयारी हवी.

माझ्यावर एक आक्षेप हमखास येईल, तो मीच मांडतो. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ च्या फेब्रुवारीत आमच्याच नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत लिहिली. तुरुंगात कसली नदी आणि कसले फिरणे? आक्षेप बिनतोड दिसतो खरा. पण ते पुस्तक उघडून पाहा. पालगड आणि दापोली यांमधली वाट, तिथली झाडे, ओढे, फुले पानोपानी भेटतात. लहानपणी पायांनी साठवलेले ते धन होते. भिंतींच्या आत तेच कामी आले. आणि सांगण्याची रीत? त्याआधी गुरुजींनी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात सहा वर्षे मास्तरकी केली होती. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढीत. मुलांसाठी रोज लिहिणाऱ्या हातालाच ते पाच दिवस पुरले. आपल्याला कोणी पाच दिवस कोठडीत घातले, तर आपण काय लिहू याचा विचार करून मला घाम फुटतो.

राहिला वेळ. मोजका असतो हे कबूल. पण तो खाल्ला कोणी? मी वहीत हिशेब मांडून पाहिला. निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, एकच माहिती पुन्हा पुन्हा ऑनलाइन भरणे, हातातल्या मोबाइलमधले वाद, आणि साहित्यमेळावे! या यादीत नदी कुठेच नाही, आणि मुलांचे पुस्तक तर तासाभरात संपते. मेळाव्यांना मी अलीकडे जात नाही. आठवड्याचे पाच-सहा तास त्यात सुटतात, आणि तेवढ्यात एक प्रकरण पुरे होते.

सध्या कळवणला संध्याकाळी बाहेर पडावे आणि पाहावे. मक्याची कणसे खळ्यावर आली आहेत. चाळीतल्या उरल्यासुरल्या उन्हाळ कांद्याचा वास रस्त्यापर्यंत येतो. वाफ्यांत पुढच्या पिकाचे उळे पडते आहे, आणि पेरणारा माणूस भावाची चिंता करीतच ते टाकतो आहे. दक्षिणेला सातमाळेची रांग, तिच्यात धोडपाची खाच. कोजागरीला याच रस्त्यांनी कावडी घेऊन माणसे सप्तशृंगीच्या गडावर गेली. त्यांच्याबरोबर कोसभर चालले तरी महिनाभर पुरेल एवढी बोली कानावर पडते. हे सारे फुकट आहे, आणि टेबलावर येत नाही.

हा अंक घरोघरी चार दिवस हातोहाती फिरेल, म्हणून लेखकांना सोडून आता वाचकांशीच बोलतो. फटाक्यांच्या यादीत मुलांचे एक पुस्तक घाला. ते पोराच्या हातात देऊन मोकळे होऊ नका. आधी स्वतः वाचा, मग त्याला वाचून दाखवा. त्याने जांभई दिली तर पुस्तक बदला, पोराला बोल लावू नका. आणि भाऊबीजेच्या दुपारी फराळ जड झाला की सगळे मिळून गावाबाहेर दोन मैल चालून या. पोर वाटेत जे विचारील त्याचे उत्तर येत नसेल तर येत नाही असे सांगा, आणि भेटेल त्या गुराख्याला विचारा.

आमच्या वर्गातली ती मुलगी आता वरच्या वर्गात गेली. माझे नवे प्रकरण होळीच्या सुमारास घडते. छापायला देण्यापूर्वी ते तिला वाचून दाखवायचे मी ठरवले आहे. ती हसली नाही, तर पुढच्या मेळाव्यात कोणीही मला खुशाल बाळबोध म्हणावे.