इंटरचेंजच्या तोंडावर गावाचा बाजार बसू द्या

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ, मुंबई

महोदय,


हे पत्र विष्णुपुरीहून लिहितो आहे. गोदावरीच्या काठावरचे, नांदेड-लातूर रस्त्यावरचे हे गाव. बाहेरच्या लोकांना ते पावसाळ्यापुरते माहीत असते, धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की नाव कानावर पडते. आमच्या दारातला रस्ता आपल्या महामंडळाचा नाही, हे मला ठाऊक आहे. पण समृद्धी महामार्गाला जालन्यात जोडणारा, परभणीवरून नांदेडला येणारा सुमारे 180 किलोमीटरचा द्रुतगती मार्ग आपल्याकडे आहे. मोजणी, मावेजा, हरकती हे शब्द गेली काही वर्षे या भागातल्या प्रत्येक पारावर आहेत. पण तो रस्ता जिथे उतरेल तिथे बाजार कोणाचा बसेल, हे मात्र कोणी विचारताना दिसत नाही.

रस्त्याकाठी बाजार कसा बसतो ते आम्ही चाळीस वर्षे डोळ्यांनी पाहिले आहे. 1981 मध्ये इथे श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. 1994 मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांची पोरे या रस्त्याने येऊ लागली. पुढे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय शहरातल्या वजिराबादमधून इकडे आले. तिन्ही संस्थांच्या इमारती आखून-रेखून उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे येणारा माणूस जेवेल कुठे, झेरॉक्स कुठे काढेल, रात्री कुठे टेकेल, याची आखणी कुठल्याच नकाशात नव्हती. ती पोकळी टपऱ्यांनी भरून काढली.

पहाटे साडेचार-पाचला रुग्णालयाच्या बाहेर येऊन पाहा. किनवट, मुखेड, देगलूरकडून रात्रीच पेशंट घेऊन आलेले लोक बाहेर पडू लागतात. त्यांना चहा हवा असतो, पण त्याच्याही आधी एक बादली, एक मग, एक सतरंजी आणि गरम पाण्यासाठी थर्मास हवा असतो. घरून निघताना कोणाला या वस्तूंची आठवण राहणार? एक बाई तिथे हातगाडी लावतात. गाडीवर एका बाजूला स्टोव्ह आणि चहाचे पातेले, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकच्या बादल्या एकात एक रचलेल्या. दांडीला मग टांगलेले, खालच्या फळीवर सतरंज्यांची गुंडाळी. बाळंतिणीच्या नातेवाइकाने काही विचारायच्या आधीच त्या पांढरे सुती कापड पुढे करतात. नवजात बाळाला गुंडाळायला काय लागते, ते त्यांना माहीत आहे. एवढे नेमके दुकान मी कुठल्या मॉलमध्ये पाहिलेले नाही. आणि ते दुकान उभे आहे रस्त्याच्या साइडपट्टीवर. पाठीमागून ट्रक जातो तेव्हा बादल्या हलतात. ती गाडी आजवर तीनदा उचलली गेली आहे.

गाडी हटवणाऱ्यांचे सगळेच चुकते असे मी म्हणणार नाही. महामार्गाच्या साइडपट्टीवर माणसे उभी राहणे धोक्याचेच आहे. खुल्या भागात दोन्ही बाजूंच्या इमारत रेषांमध्ये 80 मीटर आणि नियंत्रण रेषांमध्ये 150 मीटर अंतर असावे, हा संकेत उगाच ठरलेला नाही. पण हटवल्यावर जायचे कुठे, याला उत्तर नाही. 2014 चा पथविक्रेता कायदा शहरांसाठी आहे. महापालिकेच्या हद्दीत निदान नगर पथविक्रेता समितीकडे दाद मागता येते. ग्रामपंचायतीच्या हद्दीत तीही सोय नाही. आणि शहरे वाढताना त्यांचा बाजार आधी सरकतो तो नेमका अशाच ग्रामपंचायतींकडे. नांदेड 2011 च्या जनगणनेतच साडेपाच लाखांवर होते, लातूर पावणेचार लाखांवर. तेव्हापासून या रस्त्याच्या कडेची शेते एनए होऊन प्लॉट पडताना आम्ही पाहतो आहोत. प्लॉटवर गाळे होतात, गाळ्याला अनामत लागते, आणि ज्याच्याकडे अनामत नाही तो पुन्हा साइडपट्टीवर.

हे सगळे आपल्याला सांगण्याचे कारण असे, की द्रुतगती मार्गावर ही अडचण आणखी कडक होते. तिथे कुंपण असते. समृद्धी महामार्गावर दुचाकीला आणि तीनचाकीला प्रवेश नाही. वेगाचा रस्ता म्हटल्यावर तो नियम बरोबरच आहे. पण त्याचा अर्थ पूर्णा तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या बाजूने पाहा. जमीन त्याची गेली. त्या जमिनीवरून जो रस्ता जातो, त्याच्या कडेला खाण्यापिण्याची, विक्रीची जागा होते. आणि तिथे आपल्या मोटारसायकलवर केळीचा घड किंवा हळदीचे पोते बांधून त्याला पोचताच येत नाही. त्याने माल विकावा म्हटले तरी दार बंद.

समृद्धीचा नागपूर-शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला. सुरुवातीचे दिवस आठवा. पेट्रोल पंप मोजके, साधा चहा मिळायची मारामार. इंटरचेंजजवळ नवनगरे वसवायची, शेतमालाला तिथेच बाजार आणि प्रक्रिया उद्योग मिळवून द्यायचे, ही कल्पना आपल्याच महामंडळाची होती आणि ती चांगली होती. रस्ता 701 किलोमीटरचा पूर्ण झाला, 5 जून 2025 रोजी शेवटचा टप्पाही खुला झाला. नवनगरे मात्र रस्त्याच्या फार मागे राहिली. माझ्या मते चूक क्रमाची होती. बाजार ही रस्त्यानंतर करायची गोष्ट धरली गेली. शेकडो एकरांचे नगर होईल तेव्हा होवो. पाच एकरांचा बाजार रस्त्याबरोबरच करता येतो.

म्हणून मागणी एकच आहे आणि ती नेमकी आहे. जालना-नांदेड मार्गाच्या प्रत्येक इंटरचेंजवर, टोलनाक्याच्या आणि कुंपणाच्या बाहेर, गावरस्त्याला लागून एक जागा बाजारासाठी राखून ठेवा. गाडीवाला मार्गावरून उतरून तिथे येईल, शेतकरी आपल्या दुचाकीवर मागच्या बाजूने येईल. एसटीला थांबायला जागा हवी, कारण चारचाकी नसलेला माणूसही गिऱ्हाईकच असतो. पाणी हवे, बायकांसाठी स्वच्छ आणि रात्री दिवा असलेले स्वच्छतागृह हवे, रस्ता पायी ओलांडायला भुयारी वाट हवी. मोठ्या कंपन्यांचे फूड कोर्ट, पंप, शोरूम यांना माझा विरोध नाही. लांब पल्ल्याच्या प्रवाशाला ते लागते. पण दहा बाय दहाचे गाळेही असू द्या. त्यातला ठरावीक वाटा ज्यांची जमीन गेली त्या घरांना आणि उमेद, माविमच्या बचत गटांना द्या, आणि भाडे लिलावाने न ठरवता आधीच ठरवून टाका. लिलावात शंभर चौरस फुटांच्या गाळ्यालाही पैसेवालाच गाठतो, हे आमच्या रस्त्याने आम्हाला शिकवले आहे.

विकायला काय आहे, असे कोणी आपल्याला म्हणाले तर अर्धापूरची केळी दाखवा. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षी लातूर जिल्ह्यातल्या पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्तीची कोथिंबीर यांनाही मिळाले. मानांकन मिळाले, पण जाता-येता गाडी थांबवून ही डाळ घ्यावी अशी जागा मला आमच्या रस्त्यावर आजही दाखवता येत नाही.

आणि रस्त्यावर बाजार आखायची अक्कल या भागाला नाही, असेही कोणी समजू नये. याच नांदेड-लातूर रस्त्यावर लोहा तालुक्यात माळेगाव आहे. मार्गशीर्ष वद्यात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट, लाल कंधारी आणि देवणी जनावरे येतात. घोंगड्यांपासून भांड्यांपर्यंत दुकाने लागतात. जनावरांचा बाजार कुठे, पालखीची वाट कुठली, याची जागा ठरलेली असते. जिल्हा परिषद दरवर्षी पाण्याची, दिव्यांची सोय करते. माळरानावर काही दिवसांसाठी हे जमते, तर कायमच्या इंटरचेंजवर न जमण्याचे कारण नाही.

आपल्या अभियंत्यांनी विष्णुपुरीला एकदा यावे, दुपारच्या पाहणी दौऱ्यात नको, पहाटे पाचला यावे. मी रुग्णालयाच्या बाहेर थांबेन. त्या हातगाडीवर चहा घेऊ, आणि गाडीला किती जागा लागते ती टेपने मोजू. मीच अंदाजे मोजली आहे: सहा फूट लांब, चार फूट रुंद. नांदेडच्या इंटरचेंजच्या नकाशावर आधी तेवढी जागा दाखवा, मग बाकीचे प्लॉट पाडा.

आपला,
विष्णुपुरीचा एक रहिवासी