गर्भापर्यंत पोचणारा धूर

नागपूरच्या उत्तरेस कोराडी आणि खापरखेडा येथील धुरांडी अहोरात्र धूर ओकीत असतात. त्यांच्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने चालतात व आमच्या घरांतील पंखे फिरतात; तेव्हा वीज नको असे म्हणण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. परंतु या विजेची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. दम्याच्या रुग्णांची आणि पिकांवर बसणाऱ्या राखेची चर्चा अधूनमधून होते. कोराडीत ६६० मेगावॅटचे आणखी दोन संच उभारण्यासाठी मे २०२३ मध्ये जनसुनावणी झाली, तेव्हाही ती झाली. एक वर्ग मात्र कोणत्याही सुनावणीत उभा राहू शकत नाही, कारण त्याचा जन्मच अजून व्हावयाचा असतो.

आईच्या शरीरात काहीही गेले तरी वार ते अडवून धरते आणि बाळ सुरक्षित राहते, असा वैद्यकाचा फार दिवसांचा समज होता. तो जपानमधील मिनामाटा येथे कायमचा मोडला. तेथील रासायनिक कारखान्याने उपसागरात सोडलेला पारा माशांवाटे माणसांच्या पोटात गेला, आणि १९५६ मध्ये तो रोग उघडकीस आला. पुढे दिसले ते अधिक भयंकर होते. ज्या मातांना स्वतःला फारसा त्रास नव्हता, त्यांची मुले जन्मतःच मेंदूने पंगू निघाली. वार विषाला अडवीत नव्हती, उलट आईच्या अंगातील विष बाळाच्या वाट्याला जात होते! ही गोष्ट मान्य होण्यास १९६२ साल उजाडले. जपानी घरांत मुलाची वाळलेली नाळ जपून ठेवण्याची चाल आहे. त्या नाळांतील पारा पुढे संशोधकांनी मोजला आणि पुरावा हाती आला. आपल्याकडे नाळ पुरण्याची रीत आहे, त्यामुळे तसला पुरावाही आपण मातीआड करतो.

दगडी कोळशाच्या राखेत पारा, आर्सेनिक, शिसे हे सारे अल्प प्रमाणात असतेच. शिशाची रीत तर विशेष कपटी. ते आईच्या हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते, आणि बाळाला कॅल्शियम पुरविण्यासाठी हाडे झिजू लागली की त्याबरोबर रक्तात उतरते. म्हणजे मुलीने बालपणी घेतलेले विष तिच्या बाळापर्यंत पोचते. धुराचे कार्यही असेच अदृश्य. बेल्जियममधील हासेल्ट विद्यापीठाच्या संशोधकांना २०१९ मध्ये वारेच्या बाळाकडील बाजूस काजळीचे कण आढळले. २०२२ मध्ये स्कॉटलंडमधील अॅबर्डीनच्या संशोधकांसह केलेल्या कामात ते गर्भाच्या यकृतात, फुप्फुसात आणि मेंदूतही सापडले. कार्बन मोनॉक्साइड तर आईपेक्षा बाळाच्या रक्ताला अधिक घट्ट चिकटतो, आणि वाढत्या जिवाचा प्राणवायूच तुटतो.

मग याचे मोजमाप काय? तामिळनाडूतील गर्भवतींवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अडीच मायक्रॉनहून बारीक धूळ घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमने वाढली, तर जन्माचे वजन सरासरी ४ ग्रॅमने घटलेले आढळले. चार ग्रॅम म्हणजे काय, असे कोणी हसून विचारील. एका बाळाच्या बाबतीत ते काहीच नव्हे. परंतु अडीच किलोच्या सीमेवर हजारो बालके उभी असतात, आणि सारी रांग किंचित मागे सरकली की त्यांतील कित्येक सीमेखाली जातात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ पासून सहा खेड्यांत केलेल्या अभ्यासाने, कमी वजनाचे आपले बाळ पुढे मधुमेहाकडे कसे झुकते, हे जगाला दाखविलेच आहे.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. भारतासह चार देशांत गर्भवतींना चुलीऐवजी गॅस देऊन मोठा प्रयोग झाला. २०२२ मध्ये त्याचा निष्कर्ष आला तेव्हा बाळांच्या वजनात लक्षणीय फरक दिसला नाही. गॅस हाती आला तोवर गर्भारपणाचे काही महिने उलटले होते, हे त्याचे एक कारण असू शकेल. एक सिलिंडर दिला की सरकारचे कर्तव्य संपले, असे समजणाऱ्यांनी मात्र हा निष्कर्ष ध्यानात ठेवावा.

सरकारचे कर्तव्य कसे चालले आहे, ते पाहा. औष्णिक केंद्रांच्या धुरातील गंधकवायू, पारा आणि धूळ यांच्या मर्यादा केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये ठरविल्या व दोन वर्षांची मुदत दिली. मुदत पुनःपुन्हा वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना गंधकवायू रोखणाऱ्या यंत्रणेच्या बंधनातून मोकळे करण्यात आले. मोठ्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आतील केंद्रांना ते बंधन उरले आहे. धूर मैलाचे दगड वाचून थांबत असता, तर ही विभागणी शहाणपणाची ठरली असती. राखेची कथाही निराळी नाही. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याच्या राख-तलावाचा बांध फुटला आणि राख शेतांत व नदीनाल्यांत पसरली. नागपूरच्या काही भागांस पाणी पुरविणारी कन्हान याच परिसरातून वाहते.

आमची मागणी लहान आहे. प्रत्येक जन्माच्या नोंदीत बाळाचे वजन आणि गर्भारपणाचे आठवडे लिहिण्याची जागा असते. डागा, मेडिकल आणि मेयो या रुग्णालयांत अशा नोंदींचा ढीग पडला आहे. नावे वगळून त्या वस्तीवार लावाव्यात आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या हवेच्या मोजणीशी ताडून पाहाव्यात. १९५८ पासून याच शहरात उभी असलेली आणि आज नीरी या नावाने ओळखली जाणारी संस्था, वैद्यकीय महाविद्यालय आणि महानगरपालिका यांनी एकत्र बसले, तर त्यासाठी परगावचा तज्ज्ञ आणावा लागणार नाही. कोराडी, खापरखेडा, वारेगाव, खसाळा या भागातील गर्भवतींच्या पिण्याच्या पाण्यात पारा, शिसे व आर्सेनिक किती, याची तपासणी त्यांच्या पहिल्या नावनोंदणीच्या वेळीच व्हावी, आणि तिचा निकाल त्या बाईच्या हाती मराठीत लिहून द्यावा. नव्या संचांचे काम पुढे नेण्यापूर्वी हे आकडे लोकांसमोर मांडण्याची जबाबदारी राज्य सरकारची आहे.